टेपचं दुसरं टोक

दिवा मोठा करू नका, आहे तसाच राहू दे.

ही गोष्ट आमच्या पेढीतली. जमिनी मोजायच्या आणि घरं विकून द्यायची, दोन्ही कामं एकाच छपराखाली. दोन भावांनी सुरू केली. थोरला मोजायचा, धाकटा विकायचा. लोक गमतीनं म्हणायचे, एक भाऊ फूट मोजतो आणि दुसरा ते फुगवतो. मी तिथं अडतीस वर्षं नकाशे काढले.

आता मोजणी थोरल्याची नात बघते. सगळे तिला ताई म्हणतात. हाताखालच्यांनी आणलेल्या आकड्यावर तिचा विश्वास नाही. प्रत्येक भिंत स्वतः मोजणार.

गेल्या वर्षी चौदा नोव्हेंबरला, गुरुवारी, गावाबाहेरचं एक रिकामं घर मोजायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं खरेदीखत. ताई निघाली तेव्हा तिचे वडील चपला घालून दारापर्यंत आले. म्हणाले, मागची खोली मोजू नकोस, जुन्या नकाशातला आकडा टाक. तिनं कारण विचारलं. ते चष्मा पुसत राहिले.

घर कुणाचं होतं, तर तिच्या आजोबांच्या साखळीवाल्याचं. तेव्हा जमीन साखळीनं मोजायचे. एक टोक साहेबाकडे, दुसरं याच्याकडे. हा पलीकडून आकडा ओरडून सांगायचा आणि साहेब वहीत लिहायचे. सत्तावीस वर्षं दोघांचं असं चाललं. म्हातारा वारला, घर पुतण्याकडे गेलं, आणि तो आता विकत होता.

ताईनं पुढच्या खोल्या उरकल्या. मागच्या खोलीत शिरली तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. वीज तोडलेली. मोबाइलचा उजेड. जुन्या नकाशात खोली बारा फूट. समोरच्या भिंतीत एक खिळा होता, त्यात टेपची कडी अडकवली आणि ती मागं मागं सरकत दारापर्यंत आली. टेप ताणला.

आकडा पाहिला.

सोळा.

चुकलं असेल म्हणून तिनं पुन्हा पाहिलं. सोळाच. मग उजेड टेपवरून पुढं पुढं नेला... भिंतीपर्यंत. खिळा मोकळा होता. टेप त्याच्याखालून सरळ गिलाव्यात शिरला होता. ना भेग, ना भोक.

तिनं हळूच ओढला.

पलीकडून कुणीतरी ओढला.

ती सोडून पळाली नाही. हात उघडतच नव्हता, असं ती मला म्हणाली. टेप थरथरत होता... मग थांबला. भिंतीपलीकडून आवाज आला. म्हातारा, दमलेला, पण कामाचा आवाज.

"सोळा."



"सोळा, साहेब... लिहा."

मग अगदी जवळून, भिंतीच्या अलीकडून...

"तेव्हाही सोळाच सांगितले होते."

ताईनं वही गुडघ्यावर धरली. अक्षर वाकडंतिकडं आलं. मोठ्यानं म्हणाली, "सोळा लिहिले."

टेप सैल पडला.

घरी आली तेव्हा वडील दारातच बसले होते. तिनं वही पुढं केली, आणि मग ते बोलले. साखळीवाल्याच्या घराशेजारची जागा धाकट्या भावानं आधीच विकली होती, चार फूट जास्त सांगून. ते चार फूट कुठून तरी आणायचे होते. साखळीवाल्यानं स्वतःच्या मागच्या जागेचे सोळा सांगितले, थोरल्यानं बारा लिहिलं, आणि नकाशावर त्याचाच अंगठा घेतला. वाचता येत नव्हतं त्याला. कळलं तेव्हा शेजारची भिंत उभी राहिली होती. त्यानंतर तो पेढीची पायरी चढला नाही.

दुसऱ्या दिवशी खरेदीखत झालं नाही. ताईनं जुना नकाशा रद्द करायचा अर्ज दिला, पेढीची चूक म्हणून, खाली स्वतःची सही करून.

पण त्याआधी, सकाळी सहालाच, शेजाऱ्याचा फोन आला. तो चिडला होता. माझ्या अंगणात रात्री कोण आलं होतं, म्हणाला. ताई मला घेऊन गेली. त्याच्या फाटकाला आतून कुलूप. भिंतीपासून चार फूट आत चुन्याची रेघ मारलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरी लावल्यासारखी सरळ. वाटेत त्याची बंद पडलेली गाडी. चारही चाकं हवा जाऊन जमिनीला बसलेली, वर्षभर जागची हललेली नाही.

रेघ गाडीच्या अलीकडेही होती आणि पलीकडेही.

मी गुडघे टेकून खाली पाहिलं. हात घातला.

गाडीखाली चुना अजून ओला होता.