वच्छलाबाईची झील

नागपुरात वैशाखातल्या दुपारी घराबाहेर पडायचं तर एकतर नड लागते, नाहीतर डोकं फिरलेलं लागतं. ताराला त्या दिवशी नड होती. लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या चंपतरावांचा सकाळीच निरोप आला होता. "वहिनीले घेऊन ये. रुपरावचा आवाज सापडला." म्हणून डोक्यावर ओला दुपट्टा टाकून ती आईला इंदोऱ्याच्या त्यांच्या दुकानात घेऊन निघाली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

रुपराव म्हणजे ताराचे वडील. गिरणीत माग चालवायचे आणि गाणी करायचे. गाणी तरी कशी! मिरवणुकीत वाजतात, बारशात वाजतात, निवडणुकीच्या रिक्षातही वाजतात. पण सगळी दुसऱ्यांच्या गळ्यातून. तारा जन्मली खाप्याला, आजोळी. तिला कुशीत घेऊन आई परत यायच्या आत इकडे रुपराव तापाने गेलेसुद्धा. साऱ्या गावाला आपला बाप तोंडपाठ आणि आपल्याला त्याचा साधा आवाज ठाऊक नाही, याची ताराला चीड यायची.

वच्छलाबाई मात्र गाण्याचं नावही काढत नसे. विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरून तिने पोरीला शिकवलं, मास्तरीण केलं. पण एके काळी ती रुपरावांची झीलकरीण होती. शाहिराने ओळ टाकायची आणि झीलकऱ्याने ती उचलून परत करायची, ही त्यांची रीत. झील आल्याशिवाय शाहीर पुढची ओळ म्हणत नाही. नवरा गेल्यापासून वच्छलाबाईने कोणाचीच ओळ उचलली नव्हती.

दुकानात वाळ्याच्या ताटीचा ओला वास होता. कोपऱ्यात चंपतरावांचं जुनं स्पूलचं टेपमशीन, त्यावर फडकं.

"वहिनी, आधीच सांगतो," चंपतराव खाली मान घालून म्हणाले. "यात गाणं नाई. नुसती एक ओळ आहे. तुम्ही बाळंतपणाले खाप्याले होत्या, तवा आला होता तो. म्या म्हटलं, माझी पोरं धरतीन झील. तर म्हणे, हे गाणं वच्छलाचं आहे, तिच्याशिवाय नाई होत. एक ओळ म्हटली आन् बसून राहिला. टेप संपला तरी बसूनच. म्या लई बोललो त्याले... टेप वाया गेला म्हून."

वच्छलाबाई स्टुलावर बसली, पदर सारखा केला.

चाकं फिरू लागली. आधी खरखर, मग कोणी घसा खाकरला, आणि एक भरदार, जरासा चिरका आवाज दुकानात उभा राहिला.

"कन्हानीच्या पाण्यात दिवा कोणं सोडला..."

ताराच्या डोळ्यांना धारा लागल्या. हाच का तो? किती तरुण माणूस होता हा! आपल्यापेक्षा फार मोठा नसेल.

मग पुन्हा खरखर. चंपतराव म्हणाले, "झालं. आता शेवटपर्यंत हेच." बटण बंद करायला त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात वच्छलाबाईचे ओठ हलले. अगदी हळू, सवयीने, चुलीपाशी बसून म्हणावं तसं तिने म्हटलं,

"म्या जी, म्या सोडला..."

आणि मशीनमधून दुसरी ओळ आली.

"वाळूवरती पाऊल कोणाचं उमटलं..."

चंपतरावांचा हात तिथेच राहिला. "नाई गा बाप्पा," ते पुटपुटले. "म्या सकाळपासून कितीदा ऐकला हा टेप... नव्हतं हे."

"माझं जी, माझं उमटलं," वच्छलाबाई म्हणाली. तिचा आवाज मोकळा होत चालला होता.

ताराच्या घरात भूतखेत कोणी मानत नव्हतं. बुद्धविहारात वाढलेली पोर ती. शाळेतल्या मुलांनाही हेच शिकवायची. पण त्या उन्हात तिच्या अंगावर सरसरून काटा आला. भीती तर होतीच, पण त्याहून मोठं काहीतरी होतं. आई आणि बाबा तिच्यासमोर गात होते. तो ओळ टाकत होता, ती उचलत होती, मध्ये क्षणाचीही फट नव्हती. ताराला वाटलं, हे संपू नये.

मग आवाज थोडा खाली आला. वच्छलाबाई कान देऊन ऐकू लागली. हे कडवं तिला नवीन होतं; ती खाप्याला गेल्यावर केलेलं असणार.

"नाव लागली काठाले, संगं कोण येते..."

खरखर. त्या खरखरीत कोणाचा तरी श्वास. वाट पाहणारा.

झील कोणती घ्यायची हे ताराला कळलं. तिने आईचा हात घट्ट धरला. "माय... नको म्हणू. नको ना वं."

वच्छलाबाईच्या ओठांवर 'मी जी, मी येते' येऊन थांबलं होतं. तिने ताराकडे पाहिलं, मग मशीनकडे. डोईवरचा पदर जरा पुढे ओढला आणि घरच्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली,

"थांबा ना जी थोडंसं. पोरीचं लगीन होऊ द्या."

श्वास ऐकू येत राहिला. मग अगदी जवळून आवाज आला, "हाव. थांबतो."

टेप संपला. सुटलेलं टोक फटफट आपटत राहिलं. चंपतरावांनी टेप मागे घेऊन पुन्हा लावला. एक ओळ, आणि मग शेवटपर्यंत नुसती खरखर.

त्यानंतर बरेच उन्हाळे गेले. ताराला स्थळं येत राहिली, भिवापूरचं, कामठीचं. तिने एकालाही होकार दिला नाही. कन्हानचा गोविंदा तर तिला मनापासून आवडला होता. त्यालाही नाही म्हणून ती न्हाणीघरात जाऊन रडली. मास्तरणीचं नाक फार वर आहे, असं लोक म्हणाले. म्हणोत बापडे. आई घरात चालतीफिरती होती, तिला तेवढं पुरत होतं.

गेल्या वैशाखात, भर दुपारी, वच्छलाबाई दाराशी कांड्या भरत बसली होती. हात थांबवून म्हणाली,

"तारा, लगीन काहून नाई करून राहिली वं?"

"करीन, माय. घाई काय आहे?"

"मले नाई घाई. पण त्याईले किती ताटकळत ठेवू?" तिने दाराकडे पाहिलं. "आत या म्हटलं तर येत नाई. सकाळपासून उभेच हायेत."

तारा अनवाणीच धावत पायरीवर गेली. बाहेर कोणी नव्हतं, सगळी गल्ली उन्हात ओस पडली होती. पायरीचा दगड तापून पाय ठेववत नव्हता. त्यात दोन पावलांएवढी जागा तेवढी गार होती.