मोडलेला शेजार

"मॅडम, ताबडतोब या. माझी पद्धत नापास झाली आहे."

फोन कारखान्याची आकडेवारी स्क्रीनवर चित्रात मांडण्याची पद्धत तपासणाऱ्या तरुण संशोधकाचा होता. अपघाताचा तपास करणाऱ्या अधिकारीबाईंना आधी रागच आला. कारखान्यातली टाकी फुटून तिचा चालक भाजला होता, अजून शुद्धीवर नव्हता. संध्याकाळच्या अहवालात 'चालकाची चूक' असं लिहून प्रकरण मिटणार होतं. आणि या पोराला स्वतःच्या पद्धतीची पडली होती!

तरी त्या आल्या. कंट्रोल रूमबाहेरच्या बाकावर चालकाची बायको बसली होती. भिंतीपलीकडे दुसरी टाकी सुरूच होती. तिची घरघर फरशीतून पायांत चढत होती.

स्क्रीनवर उभ्या पट्ट्या होत्या. तापमान, दाब, पंपाची वीज, थंड पाण्याचा प्रवाह... प्रत्येक मोजमापाची एक पट्टी. टाकीचा एकेक क्षण म्हणजे सगळ्या पट्ट्या ओलांडत गेलेली एक रेघ.

"दोन मोजमापांचं नातं दिसतं ते पट्ट्या शेजारी असल्या तरच," संशोधक म्हणाला. "म्हणून मी दोन प्रकार तपासतोय. एकात पट्ट्या हलत नाहीत. दुसऱ्यात माउसने ओढून हवी ती हवी तिथे नेता येते. अपघाताच्या दिवसाचीच आकडेवारी दिली आणि विचारलं, गडबड कुठे दिसते?"

"कोणाकोणाला?"

"व्यवस्थापक, पाळीप्रमुख आणि देखभालीचे इंजिनिअर. या इंजिनिअरांना सगळे मास्तर म्हणतात. पट्ट्या हलवता आल्यावर बाकी दोघांना थोडंफार जास्त सापडलं. मास्तरांना काहीच नाही! सगळ्यात जाणकार माणूस तो. माझा प्रबंध गेला पाण्यात."

"प्रबंध राहू दे. मास्तरांचा हात कुठे फिरला ते दाखव."

माउसची हालचाल साठवलेली होती. प्रत्येकाने तीन फेऱ्या केल्या होत्या, दर फेरीला पट्ट्यांचा सुरुवातीचा क्रम वेगळा. पहिल्या फेरीत मास्तरांनी पाण्याची पट्टी पंपाजवळून उचलून टोकाला नेली होती. दुसऱ्या फेरीत पाण्याच्या एका बाजूला तापमान होतं, दुसऱ्या बाजूला पंप. तिथे त्यांनी पंप हलवला. तिसऱ्या फेरीत पाणी आणि पंप आधीच लांब होते. मास्तरांनी माउसला हातही लावला नव्हता.

बाईंनी तिन्ही फेऱ्या पुन्हा एकदा पाहिल्या. मग म्हणाल्या, "बोलाव तिघांना."

मास्तर हसतच आले. "काय बाई, आता तुम्हीही आमची परीक्षा घेणार?"

"सोपी आहे. पंप आणि पाणी शेजारी लावा."

मास्तरांचा हात माउसवर गेला आणि तिथेच थिजला.

"त्याने काय होणार? चालकाने पाण्याकडे लक्ष दिलं नाही, एवढंच."

"दिलं होतं. त्याच्या स्क्रीनवर पाणी शेवटपर्यंत व्यवस्थित वाहत होतं." बाईंनी स्वतःच पट्टी ओढली.

दोन पट्ट्यांमधल्या रेघा एकदम समांतर. केस चापून विंचरावेत तशा.

संशोधक स्क्रीनजवळ वाकला. "असं होत नाही! दोन वेगळी मापकं इतकी कधीच जुळत नाहीत. ही दोन मोजमापं नाहीतच. एकच आहे!"

"बरोबर. पाण्याचं मापक बिघडलं असणार. बदलायचं तर काम बंद ठेवावं लागणार. म्हणून मास्तरांनी पंपाचीच तार पाण्याच्या जागी जोडली. पुढे नळी तुंबली. पंप नुसताच फिरत राहिला आणि चालकाला मात्र पाणी दिसत राहिलं. या दोन पट्ट्या शेजारी आल्या की काय दिसेल, हे तार जोडणाऱ्यालाच ठाऊक होतं. बाकी दोघे शोधत होते. मास्तर लपवत होते. तुझी पद्धत नापास झाली नाही रे. तिनेच त्यांना पकडलं."

"मास्तर, अहो, बोला ना काहीतरी!" व्यवस्थापक ओरडले.

मास्तर खाली बघत होते. "नवीन मापक येणारच होतं. तेवढ्यापुरतंच केलं होतं..."

पायाखालची घरघर अजून सुरू होती. बाईंचं लक्ष तिकडे गेलं.

"मास्तर, दुसऱ्या टाकीची तार कुठे जोडली आहे?"

मास्तरांनी मान वर केली.

"बंद करा," ते कसंबसं म्हणाले. "आधी ती बंद करा!"

पाळीप्रमुख धावले. घरघर मंदावत गेली आणि थांबली. त्या शांततेने दचकून चालकाची बायको दारात येऊन उभी राहिली.

"काय झालं? आमच्या यांची चूक सापडली का?"

मास्तर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"त्याची चूक नव्हती, वहिनी," ते म्हणाले.