एकतीस ठिपके

ताई वरच्या मजल्यावर चित्रं काढायची आणि तो खाली ड्रम बडवायचा. एका घरात दोन कलाकार म्हणजे एका म्यानात दोन तलवारी! आवाज असह्य झाला की ताई काठीने जमीन ठोकायची, आणि उत्तर म्हणून हा दुप्पट जोराने वाजवायचा. लहानपणापासून दोघांचं असंच चालायचं.

ताई जाऊन वर्ष झालं. "झोपेतच गेली, सुटली बिचारी," असं तो सगळ्यांना सांगायचा. त्या दुपारी वरून काठी वाजली होती, हे मात्र त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. छातीत कळ, त्यात दाराची कडी अडकलेली. ताई मदतीसाठी ठोकत होती आणि याने सवयीने जोर वाढवला होता. संध्याकाळी त्याने दार फोडलं. तिला उचलून पलंगावर ठेवलं, हातातली काठी काढून कोपऱ्यात उभी केली आणि मगच डॉक्टरांना फोन केला.

आता त्याच ताईच्या शेवटच्या चित्रावरून त्याने तालवाद्यांची रचना केली होती. पांढऱ्या कॅनव्हासवर काळ्या ठिपक्यांच्या ओळी. प्रत्येक ओळ एका ड्रमची. मोठा ठिपका जोरात, बारीक हळू, मधली मोकळी जागा म्हणजे तेवढं थांबणं. भावाच्या प्रेमाचं कौतुक आधीच छापून आलं होतं, आणि त्याला ते आवडलंही होतं.

कार्यक्रमाला दोन दिवस होते. वादक बाई तालमीला आल्या आणि त्यांनी शेवटची ओळ वाजवली. एकतीस ठिपके. तीन जोरात, थांबणं. पुन्हा तीन. मग विरळ, बारीक, आणखी बारीक.

त्याने हात वर करून त्यांना थांबवलं. हा ताल त्याने ऐकला होता. पण चित्रावरची तारीख ताईच्या मरणाआधी दोन महिन्यांची होती.

"ही ओळ गाळू या."

"का हो सर? हीच तर जिवंत ओळ आहे. कुणीतरी हाक मारतंय असं वाटतं."

"गाळा म्हटलं ना!"

"बरं बाबा. तुम्ही शांत व्हा, मी एक फोन करून येते."

त्या बाहेर गेल्या. आपलीच उतरवून घेण्यात चूक झाली असेल, अशी मनाची समजूत घालत तो मूळ चित्र बघायला वर गेला. मागे वाऱ्याने दार आपटलं. कडी अडकली. दुरुस्त करून घेतलेली कडी.

त्याने धक्के मारले. मग छातीत कळ आली.

कोपऱ्यातली काठी घेऊन त्याने जमिनीवर तीनदा ठोकलं. बाई आत आल्या असतील, ऐकतील.

खाली ड्रम वाजू लागला.

त्याने पुन्हा तीनदा ठोकलं. ड्रमचा जोर वाढला.

"बाई! थांबा! मी आहे वर!"

सरपटत तो खिडकीशी पोचला. बाई खाली फाटकाजवळ उभ्या होत्या. फोन एका कानाला, दुसऱ्या कानावर हात. त्यांनी वैतागून घराकडे पाहिलं, सरांनाच वाजवायची हौस आली, अशी मान हलवली आणि रस्त्यावर निघून गेल्या.

त्याने ठोकलं. थांबला. पुन्हा ठोकलं, पुन्हा. घाईघाईने मारायचं होतं, पण हात आपल्याच तालात पडत होता.

खालून तितकंच उत्तर येत होतं, दुप्पट जोराने.

समोर चित्र होतं. नको असतानाही त्याने मोजलं. एकतीसपैकी नऊ ठोके झाले होते.