जानकीवहिनीकडचं फिटिंग

सहा वर्षांनी नणंद दारात उभी राहिली, तीही हातांवर कपड्यांचा भलामोठा ढीग आणि मागे नाटकातली एक नटी घेऊन, तेव्हा जानकीचा आपल्या डोळ्यांवर विश्वासच बसेना! चारकोपच्या या घराचा उंबरठा पुन्हा ओलांडणार नाही, असं बजावून श्रुतिका मुलुंडला राहायला गेली होती. भावाला, सिद्धेशला, ती बाहेर हॉटेलात भेटायची, राखीही तिथेच बांधायची... पण वहिनीचं नाव काढायची नाही.

तिला दिल्लीला नाट्यशिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता आणि वहिनीने जाऊ दिलं नव्हतं. निदान तिला तरी तसंच ठाऊक होतं.

खरं म्हणजे नको म्हणाला होता सिद्धेश. आईबापांच्या माघारी बहिणीला एवढ्या लांब पाठवायचं, या कल्पनेनेच तो धास्तावला होता. 'मला जो अडवेल त्याचं तोंड जन्मात बघणार नाही,' असं ती हट्टी पोर रडत रडत म्हणाली, तेव्हा जानकी झटकन पुढे झाली आणि 'मीच अडवतेय' म्हणून मोकळी झाली. वहिनी काय, दुसऱ्या घरून आलेली. तुटली तर तुटली. पण त्या पोरक्या मुलीला उरलेला एकुलता एक भाऊ तुटू नये... बस्स, एवढंच त्या माउलीच्या मनात होतं.

आज श्रुतिका आली ती नाइलाजाने. मुंबईतच शिकून ती आता नाटकांचे वेष आखायची, आणि एकटीने आखलेला हा तिचा पहिलाच मोठा वेष. नायिका प्रेक्षकांसमोर आधी लग्नाचा शालू उतरवते, आतून घरातलं सुती लुगडं निघतं, तेही सोडलं की साधा पांढरा पोशाख. कागदावर झकास दिसत होतं! पण अंगावर चढवल्यावर नेत्राला, त्या नटीला, ना धड श्वास घेता येई ना हात वर करता येई. दोन शिंप्यांनी हात टेकले होते आणि परवा बोरिवलीला प्रयोग होता.

जानकीचं अर्धं आयुष्य शिलाई मशीनवर गेलेलं. तिने नेत्राला हॉलच्या मधोमध उभं केलं, कमरेभोवती दोन बोटं फिरवली आणि चूक तिच्या ध्यानात आली. तिन्ही थर एकाच मापाने बेतले होते. आतला थर अंगावर चढवून मग त्यावरून बाहेरच्याचं माप घ्यायचं, ही साधी गोष्ट शिकलेल्या पोरीने केली नव्हती. पण परक्या माणसासमोर तिला खजील कशाला करायचं? लुगड्याचं आतलं जे कापड दिसतच नाही ते काढून टाकू, पदर आणि निऱ्या तेवढ्या ठेवू, असं ती म्हणाली. शालूचे बंद तिने डाव्या कमरेला घेतले, लुगड्याचे उजव्या, म्हणजे न बघताही हाताला सापडावेत. श्रुतिका कात्री चालवू लागली आणि जानकी ओठांत टाचण्या धरून, गुडघ्यांवर बसून, नवी कमर टाचू लागली.

तासाभराने नेत्राने दोन्ही हात वर केले, पोटभर श्वास घेतला आणि हसली. श्रुतिकाचाही चेहरा फुलला, पण मनातला कडवटपणा ओठांवर आलाच.

"एवढं सगळं कळतं तुला, वहिनी. तेव्हा माझंच मन तेवढं कळलं नाही."

स्वयंपाकघरातून चहा घेऊन येणाऱ्या सिद्धेशने ट्रे तिथेच खाली ठेवला. जानकीने जोरजोरात मान हलवली, 'नका बोलू' म्हणून डोळ्यांनी विनवलं... पण ओठांत टाचण्या, बोलणार कशी बिचारी!

"नको मी म्हटलेलं गो," सिद्धेश म्हणाला. "तिने नाय. ती तर तुला पाठवा म्हणून माझ्या मागे लागलेली. तू मला तोडशील म्हणून तिने सगळं स्वतःवर घेतलं, आणि मी... मी घेऊ दिलं."

कात्री थांबली. श्रुतिका खाली बसली, वहिनीच्या ओठांतली एकेक टाचणी काढून तिने आपल्या ओढणीत खोवली.

"बोल आता. खरं आहे हे?"

"तुला भाऊ तर राहिला ना गं..." जानकी कशीबशी म्हणाली.

"आणि मला वहिनी नको होती?"

जानकीला भीती होती ती वेगळीच. सहा वर्षं जे जपलं, ते आता या क्षणी तुटणार... श्रुतिका उठली, भावासमोर जाऊन उभी राहिली. सिद्धेशने मान खाली घातली. नेत्रा तर वर केलेले हात खाली घ्यायचंही विसरली होती.

"दादा, तुझ्याशी मी भांडणार आहे," श्रुतिका म्हणाली. "चांगली सहा वर्षं भांडणार. पण हॉटेलात नाही. इथे येऊन, वहिनीच्या हातचं जेवून भांडणार."

आणि इतक्या वर्षांत कुणासमोर डोळ्यांतून टिपूस न काढलेली जानकी नणंदेच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली.