न आपटलेलं दार

स्टुडिओच्या मधोमध एक दार उभं होतं. चौकट, कडी, सगळं होतं. भिंत तेवढी नव्हती. नवी नटी पहिल्याच दिवशी धावतपळत आली आणि दाराला वळसा घालून पुढे गेली.

"अहो, मग दार कशाला ठेवलंय?" कुणीतरी दुखावल्या स्वरात म्हणालं.

तिने वळून पाहिलं. हातात थाळी घेतलेला एक तरुण.

"भिंत कुठाय?"

"भिंतीचा आवाज येत नाही. म्हणून ठेवली नाही."

तो आवाजवाला, पाऊस, पावलं, दारं, सगळ्यांचे आवाज काढणारा. त्याला सगळे धडाम म्हणायचे, त्याची आईसुद्धा. रेडिओवर नवरा-बायकोच्या भांडणांचा 'तुमचंच खरं!' हा कार्यक्रम वर्षानुवर्षं त्याच दारावर चालला होता. दर शुक्रवारी शेवटी बायको ओरडायची, "मी चालले माहेरी!" धडाम दार आपटायचा, आणि घरोघरी लोक समाधानाने जेवायला बसायचे. नवरा व्हायचे ते काका प्रत्यक्षात ब्रह्मचारी. आधीची बायको घसा बसून निवृत्त झाली, तेव्हा ते ढसाढसा रडले होते, "आता भांडू कुणाशी?"

नव्या बायकोला तर भांडताच येईना. 'तुम्ही माझ्या आयुष्याचं वाटोळं केलंत' हे वाक्य ती चहा विचारावा तसं म्हणायची.

"लोकांना वाटतंय, या घरात सगळं सुरळीत आहे," निर्मात्या बाई गंभीरपणे म्हणाल्या. "या शुक्रवारी भांडण जमलं नाही, तर कार्यक्रम बंद."

मग जेवणाच्या सुट्टीत धडाम तिची तालीम घेऊ लागला.

"चिडा माझ्यावर."

"कशाबद्दल?"

"आधी चिडा. कारण नंतर शोधू."

"तुमचे... तुमचे कान मोठे आहेत!"

"हे कौतुक झालं. धंदाच आहे माझा."

"बरं... तुमचा पाऊस खोटा वाटतो!"

हे मात्र लागलं. त्याने डब्यातले सुके वाटाणे हळूहळू पत्र्यावर सोडले. रिमझिम... मग जरा जोरात... तिने डोळे मिटले.

"छत्री आणली नाही मी," ती पुटपुटली.

"माझ्याकडे आहे. म्हणजे... आवाज आहे. उघडू?"

फट्ट!

त्या आवाजाखाली दोघं बराच वेळ उभी राहिली. भांडण राहूनच गेलं.

शुक्रवारी लाल दिवा लागला. कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचा, चुकायची सोय नव्हती. ती काकांसमोर उभी राहिली, पण नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेली — आणि काय भांडली!

"मी रोज समोर उभी असते! दिसते का तुम्हाला? तुम्ही आपले वाटाणे निवडत बसा!"

संहितेत वाटाणे नव्हते. काका गांगरून म्हणाले, "चुकलं माझं." हेही नव्हतं.

"मी चालले माहेरी!"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

धडामचा हात कडीवर होता. दार आपटेना. काचेपलीकडे बाईंनी कपाळाला हात लावला. कार्यक्रम, तिची नोकरी, सगळं त्या कडीला लटकलं होतं.

"आपट की रे!" काका कुजबुजले.

"नाही आपटत," धडाम म्हणाला. रेडिओवर. आयुष्यात पहिल्यांदाच. "खरंच गेलीस तर?"

तिच्या गालांवर हसू आलं. मग, नोकरी आठवून, आवाजात वीज.

"ऐकलंत?" ती काकांवर कडाडली. "दारसुद्धा थांब म्हणतंय! आणि तुम्ही?"

"मग... थांब की," काका म्हणाले.

लाल दिवा विझला. बाईंचा फोन खणखणू लागला. लोक एकच विचारत होते: ते दार पुढच्या शुक्रवारीही बोलणार ना?

बाईंनी काचेपलीकडून मान डोलावली. नटी दाराच्या पलीकडे गेली. टक टक.

"कोण?"

"माहेरी गेलेली. परत आलेय."

"भिंत नाहीये, वेडाबाई. वळसा घालून ये."

"मग दार कशाला ठेवलंय?"

कडी सरकली. काकांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि अख्खा डबा पत्र्यावर उपडा केला. मुसळधार!

छत्री कुणीच उघडली नाही.