साताऱ्याची फाईल

२००१ साल. सांगलीच्या एका पतसंस्थेच्या मुख्य कचेरीत मी संगणक बघायचे. वय छत्तीस, माझ्या लग्नाचा विषय घरच्यांनी सोडून दिलेला. खात्यांच्या नोंदी हाताळणाऱ्या एसक्यूएल भाषेतल्या आज्ञा आम्ही साध्या एडिटरमध्ये लिहायचो. सगळी अक्षरं काळी, मुंग्यांच्या रांगेसारखी. मग मी खपून रंगांची एक फाईल बनवली. ती एडिटरला जोडली की अवतरणचिन्हांतला मजकूर हिरवा दिसायचा, आणि खाती पुसून टाकणारा ‘डिलीट’ लालभडक... बघणाऱ्याचा हात थबकावा म्हणून.

साताऱ्याच्या शाखेतला सुमंत फ्लॉपी घेऊन ती फाईल मागायला आला. भिजलेला, केसांतून पाणी निथळतंय. फाईल उतरत असताना माझ्याकडे बघत म्हणाला, “मॅडम, तुमची साडी कोणत्या रंगाची आहे?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “डोळे आहेत ना?”

“आहेत... म्हणूनच विचारलं.”

फ्लॉपी मी जवळजवळ फेकलीच. तरी पुढे त्याचे फोन येऊ लागले. काम दोन वाक्यांचं, बोलणं मात्र लांबत जायचं. एकदा कंदी पेढे आले. मी उलट टपालानं भडंग पाठवलं.

आणि मग ती बैठक. सगळ्या शाखांना एकच फाईल द्यायची म्हणून आमचे साहेब आप्पासो यांनी पडद्यावर दोन फाईली लावल्या. एक माझी, दुसरी ‘साताऱ्याची’. बघते तर दुसरीही ओळ न् ओळ माझीच! फक्त लाल जाऊन गर्द पिवळा, हिरवा जाऊन निळा.

“आवं, साताऱ्याची लय देखणी हाय,” आप्पासो म्हणाले. “हीच द्या समद्यांस्नी.”

मी उठलेच. “राबायचं सांगलीनं आणि नाव साताऱ्याचं? कपडे बदलले म्हणून दुसऱ्याचं मूल आपलं होतं का?”

सुमंत उभा राहिला. “फाईल मॅडमचीच आहे. साताऱ्याचं नाव मी दिलं नाही, पण रंग न विचारता बदलले—” तो अडखळला. “लाल आणि हिरवा मला सारखेच दिसतात. त्या डिलीटवर माझा हात थबकलाच नाही. एका गावाची खाती पुसली गेली होती. बॅकअप होता म्हणून वाचलो.”

नोकरी जाईल या भीतीनं त्यानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आज चारचौघांत सांगितलं, माझ्या नावासाठी.

बाहेर जिन्यात मी त्याला गाठलं. राग ओसरला नव्हताच. “मला आधी सांगायला काय झालं होतं?”

“पहिल्याच दिवशी सांगणार होतो. साडीपासून सुरुवात केली...”

“हिरवी होती,” मी म्हटलं.

तो हसला. “यापुढं रोज सांगाल?”

आप्पासोंनी त्याला कामावरून काढलं नाही. निवृत्तीनंतर ते तासगावला द्राक्षांत रमले. फाईल सगळ्या शाखांत गेली, नाव माझं, रंग त्याचे. आता ती कुणाला लागत नाही. मी साताऱ्याची सून झाले. न विचारता माझी फाईल बदलली हा राग मी अजून अधूनमधून काढते. तो मुकाट्यानं पेढे आणतो. आणि रोज साडी नेसले की रंग आधी त्याला सांगते, मग आरशाकडे वळते.