ऑपरेटर, भार तयार आहे

त्याचा आवाज आधी भेटला, चेहरा बराच नंतर.

"ऑपरेटर, भार तयार आहे. उचलायचा का?"

क्रेनच्या केबिनमध्ये, दहा मजले उंच, मी डबा उघडून बसले होते. घास हातातच राहिला. या वॉकी-टॉकीवर मला दिवसभर काय काय म्हणायचे — ए बाई, ए पोरी... मुकादम खुशीत असला तर 'आमचं पाखरू'. माझ्याआधी याच खुर्चीत बसणाऱ्याला मात्र सगळे उस्ताद म्हणत. खुर्ची तीच, क्रेन चालवायचे दांडे तेच!

"पुन्हा बोला," मी म्हटलं.

"भार तयार—"

"त्याच्या आधीचं."

खालून हसू दाबलेला आवाज, "ऑपरेटर."

गजांचा तो भारा मी झोपलेलं मूल उचलावं तसा उचलला.

नवा सिग्नलवाला होता. वरून दिसायचं ते एक पिवळं हेल्मेट आणि दोन हात. पण काय हात! 'हळू... अजून हळू' असं सांगताना बोटं अशी हलायची की माझाच श्वास संथ व्हायचा.

"वर वारा सुटलाय का?"

"सुटलाय."

"मग जपून..."

"भार ना?"

"भार तर... आहेच."

असं चाललं होतं. आणि एका दुपारी चहाच्या वेळी त्याच्या वॉकी-टॉकीचं बटण दाबलेलंच राहिलं. खालच्या गप्पा थेट माझ्या केबिनमध्ये.

"काय रे," मुकादम विचारत होता, "पाखरू येतंय का जाळ्यात?"

हशा. आणि त्या हशात त्याचा आवाज, "येतंय, येतंय."

माझा चहा गार झाला. डोळ्यांत पाणी आलं, ते मी हातमोज्यानेच पुसलं. रडत बसायला तेवढ्या उंचीवर जागा नसते.

चहाची वेळ संपली. काँक्रीटची बादली भरून हुकाला लागली.

"चल गं पाखरा, उचल!" मुकादम ओरडला.

मी दांड्यांवरून हात काढले. "या क्रेनवर पाखरू नाही. ऑपरेटर आहे. तिला सांगा."

"नखरे नकोत! उद्या दुसरा माणूस बसवीन."

"बसवा. तोवर बादली जमिनीवर."

ही खुर्ची मिळवायला मी काय काय ऐकून घेतलं होतं, ते माझं मला माहीत. पण हात मांडीवरून हलले नाहीत.

"ऑपरेटर..." हा त्याचा आवाज.

"तुम्ही तर बोलूच नका. मघाशी तुमचं बटण दाबलेलं होतं."

तो बोलला, साइटवरच्या प्रत्येकाला ऐकू जाईल असा.

"समोर ऑपरेटर म्हणालो आणि पाठीमागे हसलो. याला मान म्हणत नाहीत. चुकलं माझं." पिवळं हेल्मेट मुकादमाकडे वळलं. "मुकादम, यापुढे पाखरासाठी माझा हात वर होणार नाही. ऑपरेटरसाठी होईल."

आणि तो दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला.

बादलीतलं काँक्रीट काही कुणाच्या रुसव्यासाठी घट्ट व्हायचं थांबत नाही. मुकादमाने घसा खाकरला, पुन्हा खाकरला. "ऑपरेटर... उचला."

उचलली.

संध्याकाळी शिडी उतरले तर तो खाली उभा. हेल्मेट काढलेलं. कान लालबुंद.

"खाली आल्यावर तुम्हाला काय म्हणू?"

"घरी सगळे ताई म्हणतात."

"ते..." तो चांगलाच गडबडला, "ते सोडून काहीही!"

हसू आलं, पण मी ते गिळलं. "समोर काय म्हणायचं ते नंतर बघू. पाठीमागे काय म्हणता, ते आधी ऐकू दे."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी वॉकी-टॉकी खरखरला.

"कुणाची वाट बघतोस रे?" कुणीतरी विचारत होतं.

"ऑपरेटरांची. त्या हो म्हणाल्या, तर जन्मभर बघीन."

या वेळी कुणी हसलं नाही. मी खाली वाकून पाहिलं. त्याची मान वर, माझ्याकडे, आणि अंगठा बटणावर घट्ट.

मीही माझं बटण दाबलं.

"जन्मभर कशाला? उतरतेय मी."